क्लाइंबरचा खांदा आणि ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या उजव्या खांद्यातलं लेब्रम, म्हणजे सांध्याच्या वाटीची चिवट कड, शिवून आता तीन वर्षं झाली. त्याआधीचं दीड वर्ष 'करू की नको' यातच गेलं. तेव्हापासून खांदा दुखावलेले क्लाइंबर मला तेच तेच प्रश्न पाठवतात, आणि प्रत्येकाच्या प्रश्नात मला माझंच ते दीड वर्ष दिसतं. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली. मी डॉक्टर नाही. खाली दिलेले आठवडे आणि महिने ढोबळ आहेत. तुमच्या सर्जनने वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा, कारण आत काय शिवलंय आणि ते किती पक्कं बसलंय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

१. खांद्यात नेमकं काय बिघडतं? आणि क्लाइंबरच्याच खांद्याला हे इतकं का होतं?

खांदा हा उखळीचा सांधा, पण ही उखळ फार उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खवाट्यावरची वाटी लहान. एका वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा वाटीला टेकलेला असतो. म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही. वाटीच्या काठाला एक चिवट कड असते, ती लेब्रम. तिच्यामुळे वाटी थोडी खोल होते. बायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचं, लांब टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा) या कडेच्या वरच्या भागातूनच निघतं. सांध्याभोवती चार लहान स्नायूंची टेंडनं गोळ्याला वाटीत दाबून धरतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात.

आता आपण काय करतो ते पाहा. हात डोक्याच्या वर आणि सगळं शरीर त्या हातावर. पाय सटकला की एका क्षणात पूर्ण वजन खांद्यावर येतं आणि बायसेप्स लेब्रमला हिसका देतो. माझा खांदा गेला तो एका गॅस्टनवर. अंगठा खाली, कोपर बाहेर, आणि दार ढकलून उघडावं तसा मी होल्ड (भिंतीवरची धरायची पकड) बाहेर ढकलत होते. डावा पाय निसटला. आवाज वगैरे काही आला नाही, आत काहीतरी ओलसर सरकल्यासारखं वाटलं. दुखायला लागलं ते रात्री, कुशीवर वळताना.

एकाच हिसक्याने बिघडतं असंही नाही. वर्षानुवर्षं ओढून ओढून छाती आणि पाठीचे मोठे स्नायू दांडगे होतात, खवाटा धरणारे आणि हात बाहेर फिरवणारे स्नायू मात्र मागे पडतात. मग गोळा वाटीत मधोमध राहत नाही आणि टेंडन रोज थोडं थोडं चिडत जातं.

२. एमआरआयमध्ये 'लेब्रम फाटलंय' असं आलंय. म्हणजे ऑपरेशन ठरलंच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

खांदा अजिबात दुखत नसलेल्या माणसांचेही एमआरआय काढून पाहिले गेले आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ ते ६० वयाच्या, कसलीही तक्रार नसलेल्या लोकांपैकी ५५ ते ७२ टक्क्यांच्या लेब्रमचा वरचा भाग फाटल्याचं निदान झालं. आकडा दोन का, तर तीच चित्रं वेगवेगळ्या रेडिओलॉजिस्टनी वेगळी वाचली. कफच्या बारीक चिरांचंही तेच आहे, वय वाढतं तशा त्या न दुखणाऱ्या खांद्यांतही सापडतात.

रिपोर्टमध्ये दिसणारी चीर तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही. ती पाच वर्षं जुनी असू शकते आणि दुखणं भलत्याच ठिकाणाहून येत असू शकतं. चांगला डॉक्टर आधी हात फिरवून, ताकद तपासून, कुठल्या हालचालीला चमक येते ते पाहतो आणि मग चित्राकडे वळतो. तुमच्या डॉक्टरांनी खांद्याला हातही न लावता रिपोर्टवरून तारीख दिली असेल, तर दुसरं मत घ्याच.

एक बारकावा: लेब्रमची चीर साध्या एमआरआयमध्ये निसटू शकते. सांध्यात औषध सोडून काढलेल्या एमआरआयमध्ये, म्हणजे एमआर आर्थ्रोग्राममध्ये, ती जास्त स्पष्ट दिसते.

३. तीन आठवडे फिजिओथेरपी केली, काही फरक नाही. मग ऑपरेशनच ना?

तीन आठवड्यांत टेंडन बदलत नाही. साधारण तीन महिने, आठवड्यातून तीन-चार दिवस, दर पंधरवड्याला वजन किंवा रबर बँडचा ताण वाढवत केलं तरच 'करून पाहिलं' म्हणता येतं. बहुतेक जण पहिल्या पानावरचे व्यायाम तीन महिने तसेच करत राहतात. पिवळा बँड ओढणं सोपं झालं असेल तर त्यातून खांद्याला आता काही मिळत नाही.

मी स्वतः इथे चुकले. सकाळी इमाने इतबारे बँड ओढायचे आणि संध्याकाळी ओव्हरहँगवर, म्हणजे अंगावर येणाऱ्या भिंतीवर, जाऊन तोच खांदा पुन्हा चिडवायचे. सहा महिने असे गेले. चढणं पूर्ण बंद करायची गरज नसते, पण खांदा दुखवणाऱ्या मूव्ह्ज त्या तीन महिन्यांत बंद म्हणजे बंद. उभी किंवा थोडी मागे झुकलेली भिंत, मोठे होल्ड, पायांवर भर.

४. मग ऑपरेशन खरंच कोणाला लागतं?

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर कफ पूर्ण फाटला आणि हात उचलायची ताकद एकदम गेली, तर थांबून चालत नाही. फाटलेलं टेंडन आत आखडत जातं, स्नायू सुकतो, त्यात चरबी भरते. मग काही महिन्यांनी शिवायला घेतलं तर ते जागेवर पोचत नाही, पोचलं तरी टिकत नाही. असा खांदा आठवड्याभरात तज्ज्ञाला दाखवा.

खांदा पुन्हा पुन्हा निखळत असेल, वाटीचं हाड झिजलं किंवा तुटलं असेल, तर व्यायामाने हाड परत येत नाही. तिथेही ऑपरेशनची बाजू भक्कम असते.

उरलेले बहुतेक जण मधल्या गटातले. दुखतं, पण रोजचं चालतं. ठरावीक मूव्हला खांदा दगा देतो. प्रश्न ३ मध्ये सांगितले तसे तीन ते सहा महिने मनापासून देऊनही रात्रीची झोप मोडत असेल, किंवा हात डोक्यावर असताना सांधा अडकल्यासारखा, सुटल्यासारखा वाटत असेल, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. 'येत्या हंगामाआधी उरकून टाकू' हे मात्र कारण होऊ शकत नाही, कारण ऑपरेशन केलं तर तो हंगाम तसाही जातोच.

५. खांदा पहिल्यांदाच निखळला आणि आपोआप बसला. लगेच शिवून घ्यावं का?

वय इथे निर्णायक. विशी-पंचविशीच्या आतल्या, हात डोक्यावर नेऊन खेळणाऱ्यांचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि प्रत्येक वेळी वाटीची कड आणि गोळा दोघांचं थोडं नुकसान होतं. म्हणून तरुण क्लाइंबरला काही सर्जन पहिल्याच वेळेनंतर शिवण्याचा सल्ला देतात. यात वाटीच्या पुढच्या खालच्या काठावरून सुटलेलं लेब्रम परत शिवतात. त्याला बँकार्ट दुरुस्ती म्हणतात. हाड जास्त गेलं असेल तर खवाट्याच्या पुढच्या टोकाचा तुकडा वाटीच्या काठाला बसवतात, ती लातार्जे.

चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याची शक्यता कमी होते, पण निखळताना कफ फाटलेला असण्याची शक्यता वाढते. म्हणून खांदा बसल्यावरही हात वर जात नसेल तर 'सूज असेल' म्हणून सोडून देऊ नका. प्रश्न ४ चा पहिला परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

निखळलेला खांदा मित्राने ओढून बसवणं टाळा. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, शीर (नर्व्ह) दबलेली असू शकते.

६. डॉक्टर म्हणतात, वरचं हाड घासून जागा करू, म्हणजे टेंडन घासणार नाही. पटण्यासारखं वाटतं.

पटण्यासारखं आहे खरं, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं केलं गेलं. पण ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांचं हाड खरंच घासलं आणि काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. त्याच वर्षी फिनलंडमधल्या चाचणीतूनही तेच दिसलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने या दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली. कफ पूर्ण फाटलेला नसेल आणि सल्ला फक्त 'जागा करण्याचा' असेल, तर आधी प्रश्न ३.

७. लेब्रम शिवायचं की बायसेप्सचं टेंडन हलवायचं? दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात.

लेब्रमच्या वरच्या भागाच्या चिरेबद्दल, म्हणजे रिपोर्टात 'स्लॅप' लिहिलेलं असतं तिच्याबद्दल, हा वाद खराच आहे. शिवणं म्हणजे काठाला बारीक अँकर ठोकून त्याच्या दोऱ्याने लेब्रम बांधणं. टेनोडेसिस म्हणजे बायसेप्सचं टेंडन लेब्रमपासून सोडवून खाली दंडाच्या हाडाला बसवणं, म्हणजे ते लेब्रमला ओढतच नाही. चाळिशीच्या आसपास आणि पुढे शिवलेला खांदा ताठरतो आणि दुखत राहतो असा अनुभव जास्त, म्हणून तिथे टेनोडेसिसकडे कल असतो. तरुण आणि खांदा सैल असलेल्यांत शिवण्याकडे.

नॉर्वेत ११८ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात शिवलेले, टेनोडेसिस केलेले आणि नुसतीच त्वचेला चीर देऊन बंद केलेले असे तीन गट होते. दोन वर्षांनी तिघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे वाचून मी हादरले होते, कारण तोवर माझं ऑपरेशन झालेलं होतं. खांदा निखळण्याचा त्रास असलेल्यांसाठी ती चाचणी नव्हती, हे लक्षात ठेवा. पण निव्वळ दुखण्यासाठी 'स्लॅप' शिवायचं असेल, तर हा निकाल सर्जनपुढे ठेवून 'माझ्या बाबतीत वेगळं काय?' असं सरळ विचारा. उत्तर देताना चिडणाऱ्याकडून खांदा उघडून घेऊ नका.

८. सध्या स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन ट्रिप उरकू का?

दुखणं दबेल, चीर तशीच राहील, आणि तुम्ही त्याच खांद्यावर जास्त जोर टाकाल. वरचेवर घेतलेल्या इंजेक्शनांनी टेंडन कमकुवत होतं. शिवाय इंजेक्शननंतर महिन्याभरात कफ शिवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ऑपरेशन ठरत असेल तर कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी सर्जनला सांगा. रात्रीचा ठणका कमी होऊन व्यायाम करता यावा म्हणून एखादं घेणं वेगळं. ट्रिपसाठी नको.

९. ऑपरेशनच्या आधी काय तयारी करू?

जितका हात फिरतोय तितका फिरता ठेवा. ताठर खांदा घेऊन टेबलावर गेलात तर आणखी ताठर होऊन उठाल. तंबाखू, सिगारेट बंद, कारण निकोटिनने टेंडन हाडाला नीट चिकटत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा.

आणि घरात एका हाताने जगून पाहा, एक पूर्ण दिवस. दुखरा हात पोटाशी बांधा. टूथपेस्ट पिळा, बाटलीचं झाकण उघडा, पँटचं बटण लावा. त्या एका दिवसात तुम्हाला कळेल की पुढून उघडणारे शर्ट किती हवेत आणि कोणाची मदत लागेल.

१०. ऑपरेशन दुर्बिणीतूनच असतं ना? म्हणजे किरकोळच?

बाहेरच्या भोकांवर जाऊ नका. आत हाडाला अँकर ठोकलेले असतात. टाके लहान असले तरी आतलं जुळून यायला तेवढेच महिने लागतात.

बहुधा मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन पूर्ण हात बधिर करतात. हात बारा ते चोवीस तास लाकडासारखा पडून राहतो. त्या बाजूची पापणी थोडी उतरणं, आवाज बसणं, श्वास अपुरा वाटणं हे काही तास होऊ शकतं. आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. महत्त्वाचं हे की बधिरपणा उतरण्याआधी वेदनाशामक गोळी पोटात गेलेली हवी. तो सहसा मध्यरात्री उतरतो. मी 'दुखत नाहीये, कशाला घेऊ' म्हणून झोपले आणि तीनला रडत उठले.

११. स्लिंग (हाताची झोळी) किती दिवस? झोपायचं कसं?

बहुतेक दुरुस्त्यांना चार ते सहा आठवडे, रात्रीसुद्धा. आडवं झोपलं की दंड मागे पडतो आणि टाक्यांवर ताण येतो, म्हणून पहिले काही आठवडे अर्धवट बसून झोपावं लागतं. दंडाखाली एक उशी घ्या, कोपर पोटाच्या रेषेच्या मागे जाऊ देऊ नका. आंघोळीच्या वेळी पुढे वाकून हात नुसता लोंबता सोडा आणि काख धुवा. बोटं, मनगट, कोपर दिवसातून अनेकदा हलवा, नाहीतर हाताला सूज येते. टेनोडेसिस झालं असेल तर कोपर स्वतःच्या जोराने वाकवण्याआधी विचारा. त्यात वजन धरून कोपर वाकवणं सहा-आठ आठवडे बंद असतं.

१२. भिंतीवर कधी परतता येईल?

लेब्रमच्या दुरुस्तीनंतर साधारण असं जातं. सहा आठवडे स्लिंग आणि दुसऱ्याने किंवा चांगल्या हाताने हलवलेला हात. मग बाराव्या आठवड्यापर्यंत स्वतःच्या जोराने हालचाल. तिसऱ्या महिन्यानंतर ताकदीचे व्यायाम. चौथ्या ते सहाव्या महिन्यात टॉप रोपवर (दोर वरून आलेला असतो), उभ्या भिंतीवर, मोठे होल्ड. जोरकस चढाई सहा ते नऊ महिन्यांनी. बोल्डरिंग (दोराशिवाय कमी उंचीची चढाई), डायनो (झेप घेऊन होल्ड पकडणं), कँपस बोर्ड (पाय न लावता फक्त हातांनी चढायची फळी) नऊ ते बारा महिन्यांच्या आधी नको. मोठा फाटलेला कफ शिवला असेल तर प्रत्येक टप्पा आणखी पुढे जातो.

कॅलेंडर पुरेसं नाही. परतण्याआधी हात दुसऱ्या हाताइतका वर गेला पाहिजे, ताकद दुसऱ्या बाजूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास हवी आणि रात्री दुखता कामा नये. फिजिओकडून मोजून घ्या. आपला अंदाज नेहमी आपल्या बाजूने असतो.

१३. आठवा आठवडा आहे, काहीच दुखत नाही. हळूच बारला लोंबकळून पाहू का?

नका. हाच काळ सगळ्यात फसवा. दुखणं सूज उतरली की जातं, टेंडन हाडात रुजायला महिने लागतात. आठव्या आठवड्यात खांदा बऱ्याच अंशी दोऱ्याच्या भरवशावर असतो. पुन्हा फाटलेलं शिवणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

माझं पहिलं लोंबकळणं पाचव्या महिन्यात झालं. दोन्ही पाय स्टुलावर, हात बारवर, आणि फिजिओने वजनकाटा पायाखाली ठेवला होता. काट्यावरचे पाच किलो कमी झाले की थांबायचं. पुढच्या आठवड्यात दहा. अंगावर काटा आला होता आनंदाने, आणि तेवढंच त्या दिवशीचं चढणं.

१४. तोवर चांगल्या हाताने चढू? बोटांचा सराव?

एका हाताने चढताना पाय निसटला की ऑपरेशन झालेला हात आपोआप होल्ड पकडायला जातो. तो रोखता येत नाही. पडतानाही तेच. म्हणून स्लिंग असेपर्यंत भिंत नाही. पाय, पोट, चालणं, स्थिर सायकल जरूर करा.

चांगल्या हाताची बोटं जमिनीवर उभं राहून, वजन उचलून सरावात ठेवता येतात. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने रबरी चेंडू दाबणं सर्जन लवकर देतात, पण वजन लोंबवून नाही, कारण ते ओझं खांद्यावरच येतं.

१५. बिले कधी देऊ शकते?

बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं. दोरावर दुसऱ्याचा जीव आहे, म्हणून इथे घाई नको. ब्रेकच्या हाताला ताकद हवी, दोर भरभर ओढता-सोडता आला पाहिजे आणि अचानक झटक्याने खांदा पुढे खेचला गेला तरी टाके सुरक्षित हवेत. बहुतेकांसाठी टॉप रोपचं बिले चार महिन्यांच्या आसपास, लीडचं (चढणारा दोर खालून वर नेतो तेव्हाचं) त्यानंतर. आपोआप लॉक होणारं उपकरण असलं तरी हात अर्धवट असताना बिले देऊ नये.

१६. तीन महिने झाले, हात खांद्याच्या वर जातच नाही. काही बिघडलंय का?

बहुधा सांध्याचं आवरण आखडलंय. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांत हे जास्त. बहुतेकांचं हळूहळू सुटतं, पण त्याला नेटाने, दिवसातून अनेक वेळा, थोडं थोडं ताणावं लागतं. आठवड्यातून एकदा जोर लावून ताणल्याने ते चिघळतं. ताठरपणासोबत बराच काळ मंद ठणका आणि ऊब असेल तर सर्जनला दाखवा. खांद्यात हळू वाढणारे जंतू असतात आणि त्यांचा ताप येतोच असं नाही. नुसते कटकट आवाज येत असतील आणि दुखत नसेल, तर काळजीचं कारण सहसा नसतं.

१७. परतल्यावर कशाकडे लक्ष देऊ?

बोटांकडे. हे कोणी सांगत नाही. खांद्याचे स्नायू सहा महिन्यांत भरून येतात, पण तेवढा काळ बोटांच्या टेंडनवर आणि त्यांना हाडाशी धरणाऱ्या पुलींवर ताण आलेलाच नसतो. डोक्याला जुनी ग्रेड (अवघडपणाची पातळी) आठवते, बोटाला नाही. खांदा वाचवून आलेले कितीतरी जण पहिल्याच महिन्यात अनामिकेची पुली फाडून बसतात. पहिले दोन महिने मोठे होल्ड, उघडी पकड, क्रिंप (बोटं दुमडून बारीक कड धरणं) नाही.

खांद्यासाठी शेवटी आणायच्या मूव्ह्ज म्हणजे गॅस्टन, मँटल (हात खाली दाबून अंग वर उचलणं), लांब साइडपुलवर (बाजूने ओढायच्या होल्डवर) हात पूर्ण पसरणं आणि धावत्या झेपेनंतर एका हातावर थांबणं. बोल्डरवरून पडताना हात मागे टेकवायची सवय असेल तर ती आधी मोडा. हात छातीशी, लोळून पडा.

१८. माझं फारसं दुखत नाही, पण हात बाहेर फिरवायची ताकदच गेली. हे कशात बसतं?

हे वेगळं प्रकरण आहे आणि बऱ्याचदा उशिरा ओळखलं जातं. लेब्रमच्या चिरेतून द्रव बाहेर येऊन खवाट्यामागे गाठ होते आणि ती शिरेवर दाबते. खवाट्यावरचा मांसल भाग दुसऱ्या बाजूपेक्षा खोलगट दिसू लागतो. शर्ट काढून आरशात पाठ पाहा किंवा कोणाला तरी फोटो काढायला सांगा. अशा वेळी तीन महिने बँड ओढत बसू नका, कारण दबलेली शीर वेळेत मोकळी व्हायला हवी.

दुसरा प्रकार उलटा. काही झालेलं नसताना एका रात्री खांद्यात भयंकर कळा येतात, काही दिवसांनी कळा ओसरतात आणि हात लुळा पडतो. ही शिरांच्या जाळ्याची सूज असू शकते, तिला पार्सोनेज-टर्नर म्हणतात. हिला सहसा खांद्याचं ऑपरेशन लागत नाही, पण कोणी चुकून एमआरआयमधली जुनी चीर शिवायला घेऊ शकतं. दोन्हींसाठी शिरांची तपासणी मागा.

१९. ऑपरेशननंतर ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जायचं?

ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, गोळ्यांनीही न दबणारी आणि वाढत जाणारी वेदना, हात गार किंवा निळसर पडणं, बधिरपणाची मुदत उलटूनही बोटं न हलणं. पोटरी किंवा दंड सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं हे असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा सकाळची वाट पाहू नका.

२०. खरं सांगा, पूर्वीसारखं चढता येतं का?

बऱ्याच जणांना येतं. ब्रिटिश क्लाइंबर हेझल फिंडले खांद्याच्या ऑपरेशननंतर परतली आणि २०१९ मध्ये तिने योसेमिटीतली 'मॅजिक लाइन' ही अतिशय अवघड भेग स्वतः उपकरणं बसवत चढली. पण सगळ्यांचं तसं होत नाही, आणि ते सगळं त्यांच्या हातात नसतं.

माझा हात मागे पाठीवर पूर्वीपेक्षा चार बोटं कमी जातो. थंडीत सकाळी खांदा जड असतो. ग्रेड परत आली ती चौदाव्या महिन्यात. खांद्याची भरपूर ताकद मागणाऱ्या गॅस्टनचा प्रॉब्लेम (बोल्डरवरचा छोटा मार्ग) दिसला की मी आजही पायांसाठी दुसरा होल्ड शोधते, आणि बहुतेक वेळा तो सापडतो.